जुनं बद्धकोष्ठ: सुरुवात कुठून करायची, काय टाळायचं

बाबांचं मांडीचं हाड मोडलं तेव्हा ते ७४ वर्षांचे होते. ऑपरेशन चांगलं झालं, टाके सुकले, वॉकर धरून चारदोन पावलं टाकायलाही लागले. आणि तिसऱ्या आठवड्यात त्यांना जुलाब सुरू झाले. दिवसातून पाच-सहा वेळा, थोडंथोडं, पाण्यासारखं, बरेचदा कपड्यातच. जवळच्या दवाखान्यातून जुलाब थांबवायच्या गोळ्या आणून दोन दिवस दिल्या. पोट फुगत गेलं, जेवण सुटलं, आणि एका रात्री आपण कुठे आहोत हेही त्यांना उमगेना. तिसऱ्या दिवशी एका वयस्क सर्जननी हातमोजा घालून बोटाने तपासलं आणि मिनिटभरात सांगितलं, हे जुलाब नाहीत, बद्धकोष्ठ आहे. गुदाशयात दगडासारखा घट्ट गोळा अडकून बसला होता आणि त्याच्या कडेकडेने पातळ मल झिरपत होता. ऑपरेशनपासून दुखण्यासाठी ट्रामाडोल चालू होतं, जोडीला लोह आणि कॅल्शियम. नीट शौचाला होऊन किती दिवस झाले, हे घरात त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

मी डॉक्टर नाही. त्या अनुभवानंतर बाबांची वही ठेवली, दर वेळी डॉक्टरांना खोदखोदून विचारलं, आणि पुढे नात्यातल्या आणि शेजारच्या बऱ्याच जणांना त्यातून उपयोग झाला. ज्यांना महिनोन्महिने हा त्रास आहे, पण नेमकं काय करायचं हे ठाऊक नाही, त्यांच्यासाठी ते सगळं क्रमाने लिहिते आहे. क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक जण थेट चूर्णाच्या डबीपासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात.

पहिली पायरी: हे खरंच बद्धकोष्ठ आहे का?

आपल्याकडे रोज सकाळी पोट साफ झालंच पाहिजे, नाहीतर दिवसच वाया, अशी समजूत घराघरांत आहे. शरीराचा असा काही नियम नाही. दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा, यातलं काहीही निरोगी माणसात आढळतं. एक दिवसाआड शौचाला होत असेल, मऊ होत असेल आणि उठल्यावर हलकं वाटत असेल, तर तुम्हाला बद्धकोष्ठ नाही. पोटात मल राहिला की त्याचं विष रक्तात भिनतं, ही भीतीही सोडून द्या. मल राहिल्याने त्रास होतो तो घट्टपणाचा, कुंथण्याचा आणि पोटफुगीचा.

उलट बाजूही आहे. रोज होतं, पण अर्धा तास कुंथावं लागतं, खडे पडतात, उठल्यावरही अजून राहिलंय असं वाटतं. हे रोज होऊनही बद्धकोष्ठच. डॉक्टरांची व्याख्या थोडक्यात अशी: जोर लावावा लागणं, मल घट्ट किंवा खड्यांचा असणं, पूर्ण न झाल्याची भावना, खाली काहीतरी अडल्यासारखं वाटणं, बोटाची मदत घ्यावी लागणं, आठवड्यात तीनपेक्षा कमी वेळा होणं. यातली निदान दोन लक्षणं गेले तीन महिने असतील आणि त्रास सुरू होऊन सहा महिने झाले असतील, तर ते जुनं बद्धकोष्ठ. पहिली पाच लक्षणं दर चार खेपांत एकदा तरी जाणवत असतील, तरच मोजायची.

दिवसांपेक्षा मलाचा आकार जास्त बोलका असतो. ब्रिटनमधल्या ब्रिस्टल शहरातल्या डॉक्टरांनी त्यावरून सात प्रकारांचा तक्ता केला. १९९७ पासून तो जगभर वापरात आहे. पहिला प्रकार म्हणजे शेळीच्या लेंड्यांसारखे सुटे खडे. दुसरा, लांबट पण गाठीगाठींचा. तिसऱ्याला वरून तडे गेलेले असतात. चौथा मऊ, गुळगुळीत, सलग. पाचव्यापासून पुढे तो पातळ होत जातो आणि सातवा म्हणजे नुसतं पाणी. आपल्याला तिसऱ्या-चौथ्यापाशी यायचं आहे. हा तक्ता पाठ करा, कारण डॉक्टरांसमोर “साफ होत नाही” म्हणण्यापेक्षा “पहिल्या प्रकारचं होतं” म्हटलं की पुढचं बोलणं सोपं होतं. आणि लाज वाटली तरी फ्लश करण्याआधी पाहायची सवय लावा.

दुसरी पायरी: घरगुती उपाय बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे कधी?

मलातून रक्त जाणं, मल डांबरासारखा काळा होणं (लोहाच्या गोळ्यांनीही तो काळपट होतो, तरी सांगायचं), काही न करता वजन उतरणं, रक्त कमी असल्याचं तपासणीत दिसणं, घरात आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणं, आणि पन्नाशीच्या आसपास किंवा पुढे शौचाची सवय अचानक बदलणं. यातलं एकही असेल तर तपासणी आधी. रक्त दिसलं की “मूळव्याध असेल” म्हणून घरच्या घरी निकाल लावू नका. बहुतेकदा ती मूळव्याध किंवा फिशरच (गुदद्वाराला पडलेली चीर) निघते, पण ते तपासणाऱ्याने ठरवायचं.

पोट टम्म फुगलंय, उलट्या होतायत, गॅससुद्धा सरत नाही आणि पोट जोरात दुखतंय, अशा वेळी रेचक देऊ नका, एनिमाही नको. त्याच तासाला रुग्णालय गाठा. आतड्याला पीळ पडलेला किंवा आतडं बंद झालेलं असू शकतं.

तिसरी पायरी: दोन आठवड्यांची वही

शाळेच्या वहीचं एक पान पुरतं. तारीख, वेळ, कोणता प्रकार, कुंथावं लागलं का, किती मिनिटं बसलात, काय औषध घेतलं. बास. जेवणाचा बारीकसारीक हिशोब लिहायला गेलात तर चौथ्या दिवशी वही बंद पडेल. बाबांच्या वहीत मी फक्त प्रकाराचा आकडा आणि कुंथलं असेल तर एक फुली एवढंच लिहायचे. दोन आठवड्यांनी पान समोर ठेवलं की दिसतं: त्रास दर गुरुवार-शुक्रवारी वाढतो का, प्रवासानंतर वाढतो का, नवी गोळी सुरू झाल्यावर वाढला का.

चौथी पायरी: गोळ्यांची पिशवी उलटी करा

घरातली सगळी औषधं टेबलावर मांडा, सर्दी-खोकल्याचीसुद्धा. कोठा जड करणारी औषधं मोजायला बसलं तर यादी संपत नाही. लोह आणि कॅल्शियम. ट्रामाडोल, कोडीनसारखी दुखण्याची आणि खोकल्याची औषधं. रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी काही, विशेषतः व्हेरापामिल. झोप किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेली अमिट्रिप्टिलिन. लघवी आवरण्याच्या गोळ्या. सर्दीच्या, झोप आणणाऱ्या गोळ्या. ॲल्युमिनियम असलेली अँटासिडं. उलटी थांबवणारं ऑनडॅनसेट्रॉन. यातलं काही आपल्या मनाने बंद करायचं नाही. यादी घेऊन डॉक्टरांना विचारायचं, याला पर्याय आहे का, आणि नसेल तर जोडीला काय द्यायचं. ट्रामाडोलसारखं औषध सुरू करतानाच रेचकाचा प्रश्न विचारायचा असतो. हे मला तेव्हा माहीत असतं तर बाबांचे ते तीन दिवस टळले असते.

याच भेटीत थायरॉईड, साखर, कॅल्शियम आणि हिमोग्लोबिन तपासायची गरज आहे का तेही विचारा. थायरॉईड मंदावला की आतडंही मंदावतं. जुना मधुमेह आणि पार्किन्सन्समध्येही बद्धकोष्ठ होतं. पार्किन्सन्समध्ये तर ते कधी कधी हात थरथरायच्या कित्येक वर्षं आधीपासून असतं.

पाचवी पायरी: बसायची वेळ आणि बसायची पद्धत

या पायरीवर मी सगळ्यात जास्त थांबणार आहे, कारण हिला पैसे लागत नाहीत आणि हीच सगळे ओलांडून जातात.

पोटात अन्न पडलं की मोठ्या आतड्याला ढकलण्याचा इशारा जातो. झोपेतून उठल्यावर आतडं तसंही जागं होत असतं. हे दोन्ही जुळून येतात ती वेळ म्हणजे सकाळच्या चहा-नाश्त्यानंतरची पंधरा मिनिटं ते अर्धा तास. ही वेळ आपण काय करतो? डबे भरतो, मुलांच्या वेण्या घालतो, आठ-सतराची लोकल गाठतो. कळ येते, आपण ती दाबतो, ती निघून जाते. मल मागे सरकतो, तिथे त्यातलं पाणी आणखी शोषलं जातं, आणि संध्याकाळपर्यंत त्याचा खडा झालेला असतो. वर्षानुवर्षं असं केलं की कळ यायचीच कमी होते. मुली शाळेत जात नाहीत कारण तिथली संडासं घाण असतात, बायका ऑफिसात जात नाहीत कारण कोणी ऐकेल, शेतावर जाणाऱ्या बाईला आडोसा मिळत नाही. ही सवय त्यांच्यावर लादली गेलेली आहे, हे समजून घेऊनच बोललं पाहिजे.

म्हणून पंधरा-वीस मिनिटं आधी उठा. गरम काहीतरी प्या, थोडं खा आणि मग जा. कळ आली नसली तरी जा. पाच-दहा मिनिटं बसा, नाही झालं तर शांतपणे उठा. तीन-चार आठवडे हे नेमाने केलं की शरीर वेळ ओळखायला लागतं. मोबाइल बाहेर ठेवा. अर्धा-अर्धा तास बसून राहिल्याने गुदद्वाराच्या शिरांवर ताण येतो, मूळव्याध वाढते.

आपल्याकडे पुष्कळांना मिश्री लावल्याशिवाय, तंबाखूची चिमूट किंवा बिडी-सिगारेट घेतल्याशिवाय “प्रेशरच येत नाही”. निकोटिनने आतडं हलतं, ते खोटं नाही. पण त्यातला बराचसा भाग सवयीचा असतो: तीच वेळ, तीच जागा, तोच क्रम. क्रम तसाच ठेवा आणि तंबाखूच्या जागी गरम कॉफी किंवा चहा आणा. कॉफीनेही मोठं आतडं हलतं. पहिले आठ-दहा दिवस जड जातात, त्या दिवसांत खाली सांगितलेल्या औषधाचा आधार घ्यायला हरकत नाही.

आता बसण्याची पद्धत. गुदाशयाला मागून पट्ट्यासारखा एक स्नायू वेढा घालून असतो. उभं असताना तो गुदाशय पुढे ओढून धरतो, नळीला बाक येतो आणि मल आत राहतो. उकिडवं बसलं की तो सैल पडतो आणि बाक सरळ होतो. भारतीय संडासात हे आपोआप घडतं. पण गुडघे गेले आणि घरात कमोड बसला की वाट पुन्हा वाकडी होते. यावर उपाय म्हणजे पाट. पूजेचा चौरंग किंवा लहान मुलांचं प्लॅस्टिकचं स्टूलही चालतं, वीतभर उंचीचं. कमोडवर बसून पाय त्यावर टेकवा, गुडघे कमरेपेक्षा वर यायला हवेत. थोडं पुढे वाका, कोपरं मांड्यांवर ठेवा. श्वास कोंडून, तोंड लाल होईस्तोवर कुंथायचं नाही. पोट किंचित फुगवायचं, तोंडाने हळू श्वास सोडायचा आणि खालची बाजू सैल सोडायची. बाबांना मी “मेणबत्ती विझवा” म्हणायचे, ते लगेच समजलं. हृदयाचा आणि रक्तदाबाचा त्रास असलेल्यांना हे फार महत्त्वाचं, कारण जोरात कुंथताना भोवळ येऊन माणूस संडासात कोसळू शकतो. आणि वृद्धांच्या बाबतीत पाट हलत नाही ना, धरायला बाजूला दांडी आहे ना, हे आधी बघा.

सहावी पायरी: ताट

रोज साधारण २५ ते ३० ग्रॅम तंतू (फायबर, म्हणजे अन्नातला न पचणारा चोथा) पोटात जायला हवेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम, बाजरी आणि नाचणीत सुमारे ११, आणि पांढऱ्या तांदळात तीनहूनही कमी. मैद्याची गत तांदळासारखीच. म्हणजे दोन वेळा भात आणि मध्ये बिस्किटं खाणारा माणूस एका वेळी ज्वारीच्या दोन भाकरींवर आला, तर निम्मं काम तिथेच झालं. गव्हाचं पीठ चाळून कोंडा टाकत असाल तर ते थांबवा. मटकीची किंवा हरभऱ्याची वाटीभर उसळ, एक पालेभाजी, एक पेरू बियांसकट. पेरूने खडा होतो असं पुष्कळ घरांत मानतात, पण तंतूंच्या बाबतीत तो आपल्या फळांमध्ये वरच्या रांगेतला. दात नसतील तर पपई, उकडलेलं रताळं, नाचणीची आंबील, गव्हाची लापशी.

एकदम वाढवू नका. आज भात, उद्यापासून भाकरी, दोन उसळी आणि वर कोंडा, असं केलं की पोट ढोलासारखं फुगतं आणि माणूस आठवड्यात सगळं सोडून देतो. दर चार-पाच दिवसांनी एकच गोष्ट वाढवा.

फळांमध्ये ज्यांची नीट चाचणी झालेली आहे ती दोन: रोज दोन हिरवी किवी, किंवा सकाळ-संध्याकाळ पाच-सहा सुके आलुबुखारे. आलुबुखाऱ्यात सॉर्बिटॉल नावाची साखर असते, ती आतड्यात पाणी धरून ठेवते. मधुमेह असेल तर प्रमाण विचारून घ्या. भिजवलेल्या मनुका आणि अंजीर परवडतात, मिळतात, चांगलेच आहेत, खुशाल खा.

उपवासाचं मुद्दाम सांगते, कारण बाबांच्या वहीत चतुर्थी आणि एकादशीनंतरचे दोन दिवस हमखास पहिल्या प्रकाराचे असायचे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, तंतू नाहीच म्हणा ना. त्यात दिवसभर पाणी कमी आणि चहा जास्त. उपवास सोडायची गरज नाही. राजगिऱ्याची भाकरी, रताळं, काकडीची कोशिंबीर, पपई, दाण्याची आमटी असं ताट करा आणि खिचडी चवीपुरती ठेवा.

पाण्याबद्दल एकच: कमी पीत असाल तर वाढवा, पुरेसं पीत असाल तर आणखी दोन लिटर ढोसल्याने मल मऊ होत नाही, लघवी होते. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या आजारात डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल तर त्यापुढे जायचं नाही. पण एसटीने प्रवास करायचाय म्हणून आदल्या रात्रीपासून पाणी बंद करणाऱ्या बायका आणि रात्री उठावं लागेल म्हणून दुपारनंतर पेला न लावणारे म्हातारे, यांना पाणी वाढवून खरंच फरक पडतो.

चालणं जमेल तेवढं. अंथरुणाला खिळलेल्याला दोन वेळा नुसतं खुर्चीत बसवलं तरी बरं.

सातवी पायरी: औषध, आणि औषधाची भीती

वरचं सगळं महिनाभर करून भागलं नाही तर औषध घ्यायचं. यात हार मानण्यासारखं काही नाही. कित्येकांचं आतडं मुळातच सावकाश चालतं, त्यांनी कितीही भाजी खाल्ली तरी ते तेवढ्याने वेग घेत नाही.

इसबगोलापासून सुरुवात करा. गुजरात-राजस्थानात पिकणाऱ्या एका रोपाच्या बियांचं हे साल, पाणी धरून फुगतं आणि मल मऊ, भरीव करतं. एक चमचा मोठ्या पेल्याभर पाण्यात ढवळायचा, घट्ट व्हायच्या आत पिऊन टाकायचा, वर आणखी अर्धा-एक पेला पाणी. कोरडा तोंडात टाकायचा नाही, घशात अडकतो. घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. इतर गोळ्यांच्या आधी-नंतर दोन तास सोडायचे. आठवड्याने दोन चमचे करा. फरक दिसायला दोन आठवडे लागू शकतात. गिळायला त्रास असणाऱ्यांना, आणि आत मल अडकून बसल्याची शंका असेल त्यांना इसबगोल द्यायचा नाही. अडलेल्या बोळात आणखी माल ढकलल्यासारखं होतं.

त्यापुढची पायरी म्हणजे आतड्यात पाणी धरून ठेवणारी औषधं. पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर, मोठ्या माणसाला नेहमीचं प्रमाण रोज १७ ग्रॅम, पेलाभर पाण्यात. तिला चव जवळजवळ नसते आणि एक ते तीन दिवसांत परिणाम दिसतो. लॅक्टुलोजचं गोड सिरप १५ ते ३० मिली, तेही एक-दोन दिवस घेतं, गॅस मात्र करतं. मिल्क ऑफ मॅग्नेशिया स्वस्त आहे, पण मूत्रपिंड कमजोर असेल तर नको. पॉलिइथिलीन ग्लायकॉल महिनोन्महिने घेता येतं आणि “मग त्याच्याशिवाय होणारच नाही” असं होत नाही. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या दोन संघटनांनी २०२३ साली मिळून जी मार्गदर्शक सूत्रं काढली, त्यांत जुन्या बद्धकोष्ठासाठी या औषधाची ठाम शिफारस आहे.

आतड्याला चाबूक मारणारी औषधं वेगळी. बिसाकोडिलची ५ मिलिग्रॅमची गोळी रात्री घेतली की सहा ते बारा तासांत काम करते. ती चावायची नाही आणि दुधाबरोबर किंवा अँटासिडबरोबर घ्यायची नाही, नाहीतर तिचं वरचं आवरण पोटातच विरघळतं आणि कळा येतात. सोनामुखीही याच जातीची, आणि बाजारात मिळणाऱ्या “पोट साफ” चूर्णांपैकी पुष्कळांत तीच असते. डबीच्या मागचं बारीक अक्षर वाचा. नुसत्या त्रिफळ्यात हिरडा, बेहडा आणि आवळा असतो, सोनामुखी नसते. “त्रिफळा” म्हणून विकलेल्या मिश्रणात मात्र ती असू शकते. या औषधांनी आतडं कायमचं निकामी होतं ही भीती अतिरंजित आहे. सोनामुखी वर्षानुवर्षं घेतली की आतड्याचं अस्तर आतून काळपट दिसतं, पण बंद केल्यावर काही महिन्यांत ते पूर्ववत होतं. माझा आक्षेप वेगळा आहे. दहा वर्षं रोज रात्री चूर्ण घेणाऱ्या माणसाला आपला त्रास मुळात कशामुळे आहे, हे कोणी तपासलेलंच नसतं. ही औषधं अडलेल्या दिवसासाठी किंवा थोड्या आठवड्यांसाठी वापरा. रोज लागत असतील तर डॉक्टरांना सांगून घ्या. एरंडेल घरात असेल तर गरोदर बाईला अजिबात देऊ नका.

यानेही भागलं नाही तर प्रुकॅलोप्राइडसारखी, आतड्याची हालचाल वाढवणारी औषधं आहेत. ती पोटविकारतज्ज्ञांच्या चिठ्ठीनेच.

दारच उघडत नसेल तर

काही जणांचं सगळं करून होतं. मल मऊ असतो, कळ येते, तरी बाहेर पडत नाही. बोट घालून काढावं लागतं, किंवा बाईला योनीच्या मागच्या भिंतीवर बोटाने दाबल्यावरच होतं. हे कोणी बोलत नाही, डॉक्टरांपुढेही नाही, आणि म्हणून वर्षं जातात. यात बहुधा कुंथताना जो स्नायू सैल व्हायला हवा तोच आवळला जातो. अशा माणसाला कितीही रेचक दिलं तरी आतून ढकलणं वाढतं, दार बंदच राहतं. बोटाने केलेल्या तपासणीत अनुभवी डॉक्टरांना बरंचसं कळतं. पुढे गुदद्वाराचा दाब मोजण्याची आणि पाण्याने भरलेला लहानसा फुगा बाहेर ढकलता येतो का पाहण्याची चाचणी असते. उपचार म्हणजे बायोफीडबॅक: पडद्यावर आपल्या स्नायूची हालचाल पाहत तो सैल सोडायला शिकायचं. काही बैठका लागतात आणि पुष्कळांना त्याने गुण येतो. मोठ्या शहरांतल्या पोटविकार विभागांत चौकशी करा. आणि डॉक्टरांना “बोट लावावं लागतं” हे वाक्य तसंच्या तसं सांगा.

मुलं, गरोदरपण, म्हातारपण

लहान मूल एकदा घट्ट शी करताना दुखलं की पुढची शी धरून ठेवतं. चवड्यांवर उभं राहतं, पाय आवळतं, पडद्यामागे लपतं. आईला वाटतं जोर लावतंय, ते खरं तर रोखत असतं. चड्डीला डाग पडतात ते खोडीने नाही. आत साठलेल्या मलाच्या कडेने झिरपतं, बाबांसारखंच. रागावू नका. दूध बेताचं करा, पायाखाली स्टूल द्या, आणि बालरोगतज्ज्ञांनी दिलेलं औषध दोन दिवसांत “झाली की शी” म्हणून बंद करू नका. ताणलेलं आतडं पूर्ववत व्हायला काही महिने लागतात.

गरोदरपणात लोहाच्या गोळ्यांनी खडा होतोच. लोह बंद करू नका. इसबगोल किंवा लॅक्टुलोज डॉक्टरांना विचारून सुरू करा.

फिशर झाली असेल तर शौचाच्या आधी नको, नंतर कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं बसा आणि मल मऊ ठेवायचं औषध जखम भरेपर्यंत चालू ठेवा. दुखतंय म्हणून धरून ठेवलं की खडा होतो, खड्याने जखम पुन्हा उघडते.

म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत तीन गोष्टी. अंथरुणात पडलेल्या माणसाला अचानक थोडंथोडं पातळ व्हायला लागलं तर जुलाबाची गोळी देण्याआधी बोटाने तपासणी करून घ्या. दुकानातला फॉस्फेट एनिमा स्वतःच्या मनाने देऊ नका. वृद्धांना आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांना त्याने रक्तातले क्षार बिघडून जिवावर बेतू शकतं. आणि ज्यांना गिळताना ठसका लागतो त्यांना लिक्विड पॅराफिन असलेलं औषध नको, ते श्वासनलिकेत गेलं की फुप्फुसाला सूज येते.

औषध कमी कसं करायचं

वहीत सलग चार-पाच आठवडे तिसरा-चौथा प्रकार आणि फुल्या नाहीत, असं झालं की रोजचं औषध थोडं कमी करा, दोन आठवडे थांबा, मग आणखी थोडं. पाट, सकाळची वेळ आणि भाकरी मात्र चालूच. घट्ट व्हायला लागलं तर आधीच्या प्रमाणावर परत जा. प्रवास, लग्नसराई, ताप, नवी गोळी, ऑपरेशन अशा वेळी काही दिवस प्रमाण वाढवावं लागेल हे आधीच डॉक्टरांशी ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. बाबांच्या पानावर लिहिलंय: दोन दिवस नाही तर रात्री पावडर दुप्पट, तिसऱ्या रात्री बिसाकोडिल एक, चौथ्या दिवशी फोन. खाली डॉक्टरांचा नंबर, ठळक अक्षरात, त्यांना चष्म्याशिवाय वाचता येईल इतका मोठा.